बाजारात न बसण्याची अट

तीस वर्षं मी ज्या पदावर नोकरी केली, त्याचं नाव माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. परिविक्षा अधिकारी. सुरुवातीला त्यांनी प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि कुडाळच्या बाजारात कोणी विचारलं की त्या सरळ सांगायच्या, "आमची सून चोरांच्या घराक जाता." मला आधी राग यायचा. पुढे कळलं की माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या खात्याच्या एकाही परिपत्रकात नाही.

काम खरंच तेवढंच होतं. कोर्टात एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला, पण तो पहिलाच असला आणि फार भयंकर नसला, तर न्यायाधीशांना एक मुभा असते. तुरुंगात धाडण्याऐवजी त्या माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घ्यायचा आणि त्याला घरी सोडायचं. सोडण्याआधी कोर्ट आमच्यासारखीला सांगतं, जा, घर बघून या. मग मी जायची. एसटीनं, रिक्षानं, पुढे पायी. घर बघायचं, घरातली माणसं बघायची, शेजारीपाजारी विचारायचं आणि याला बाहेर ठेवलं तर काय होईल याचा अहवाल लिहायचा. बाँड मिळाला की मुदत संपेपर्यंत महिन्याच्या महिन्याला त्याच्या दारात जाऊन बसायचं. चहा घ्यावाच लागायचा. आमच्याकडे चहा नाकारणारा सरकारी माणूस म्हणजे नक्की काहीतरी वाईट बातमी घेऊन आलेला.

शेजाऱ्यांची चौकशी हा सगळ्यात कठीण भाग. सरकारी बाई दारात उभी म्हटल्यावर अख्खी वाडी एका सुरात सांगते, "बरो माणूस, बाईनू. कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय." ज्याच्याशी कुंपणाच्या गडग्यावरून दोन पिढ्यांचं वैर आहे, तोही हेच सांगतो. घरातलं भांडण घरात. तेवढ्यावर अहवाल लिहून मोकळी होणारी बाई नवखी समजावी. मी पाणी मागायची, परसातली अळवाची पानं बघायची, मुंबईच्या मुलाची चौकशी करायची. अर्ध्या तासानं मग हळूच, "बरो आसा, पण..." तिथून पुढे वही उघडायची.

आता निवृत्त झाल्यावर लोक मला एकच प्रश्न विचारतात. मोबाइलवरची बातमी नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "अशांना भर चौकात फोडलं पाहिजे, म्हणजे पुन्हा कोणाची छाती होणार नाही. तुम्ही इतकी वर्षं बघितलंत, सांगा, शिक्षेचा धाक असतो की नाही?"

मला अशा वेळी बांद्याच्या बाजूचा एक ड्रायव्हर आठवतो. गोव्याची दारू गाडीच्या सीटखाली भरून आणताना सापडला होता. हसतमुख, देवभोळा, आईचा लाडका. मी त्याला विचारलं, "कायदा इतका कडक झालाय, तुला भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "शिक्षा किती ता वकिलाक म्हायत, बाईनू. आमी इतक्याच बघतो, आज नाक्यार तपासणी आसा की नाय." पुस्तकं वाचून जे मला नीट कळलं नव्हतं, ते त्यानं ओट्यावर सुपारी कातरता कातरता सांगितलं. सापडू याची खात्री असेल तर माणूस थांबतो. सापडल्यावर काय होईल, हा हिशेब तो घरून निघताना करत नाही.

पण म्हणून तुरुंग निरुपयोगी, असंही मी म्हणणार नाही. एका शिकल्यासवरल्या गृहस्थाच्या घरी मी गेले होते. बायकोवर हात उचलल्याचा गुन्हा. घर लखलखीत, बोलणं मध, कोपऱ्यात तुळशीची माळ. बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मी तिच्याशी एकटीनं बोलायला हवं होतं, बोलले नाही. चांगला अहवाल दिला. वर्ष पुरं व्हायच्या आत ती इस्पितळात होती. त्यानंतर तो आत गेला आणि काही महिन्यांनी ती मला म्हणाली, "तो थंय आसा म्हणान माका आता दुपारची झोप लागता." माझ्या त्या अहवालाची लाज मला आजही वाटते. काही माणसांना दाराबाहेर ठेवणं हाच घरच्यांना न्याय असतो.

म्हणजे माझ्याकडे एक उत्तर नाही. जे काही थोडंफार कळलं ते मला मालवणच्या दोन मासेविक्या बायकांनी शिकवलं. त्यांचं देणं माझ्यावर आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सुनंदा आणि शालन बाजारात शेजारी शेजारी बसायच्या. तिथली रीत अशी, की सकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. अख्खा क्रेट एकटीला झेपत नाही, म्हणून बायका दोघी-दोघी मिळून बोली लावतात, दोन बाजूंनी धरून क्रेट रिक्षात चढवतात आणि बाजारात आल्यावर मासे निम्मे निम्मे करतात. या जोड्या लग्नासारख्या टिकतात. काही वेळा लग्नापेक्षा जास्त. सुनंदा-शालनची जोडी पंधरा-सोळा वर्षांची. सुनंदाचा नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता. घरी म्हातारी सासू आणि ही. शालन विधवा. दोघींची चूल या क्रेटवर.

मे महिन्यातला रविवार होता. पर्यटकांची झुंबड. सुनंदाचं कायमचं गिऱ्हाईक, एक खानावळवाला, त्या दिवशी शालनपुढे थांबला आणि तिच्याकडची मोठी सुरमई उचलून गेला. शब्दानं शब्द वाढला. शालन बोलून गेली, "तुका घोव सांभाळूक जमलो नाय, गिऱ्हाईक काय सांभाळतलंस?" सुनंदाच्या हाताखाली मासे कापायचा लाकडी पाट होता. तिनं तो उचलला आणि हाणला. शालननं डोकं वाचवायला उजवा हात आडवा धरला. कोपर मोडलं.

कोर्टात वकिलानं सुनंदाला पढवलं होतं, नाकबूल म्हण, पुढचं मी बघतो. न्यायाधीशांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मारलंय. सगळ्या बाजारान बघल्यानी, खोटा कित्याक बोलू?" वकिलानं कपाळाला हात लावला. गुन्हा कबूल झाल्यामुळे खटला झटपट आटोपला आणि पावसाळा संपून मासेमारी सुरू होईतो कागद माझ्या टेबलावर आले. शालन तोवर माहेरी, हात गळ्यात बांधून. दोघींची गाठ पडलीच नव्हती.

मी सुनंदाच्या घरी गेले. सासू म्हणाली, "ही माझी सून नाय, झील आसा." झील म्हणजे मुलगा. सुनंदा ओट्याच्या खांबाला टेकून रडत होती. "तिचो हात कसो आसा, बाईनू?" हा तिचा पहिला प्रश्न. अशी बाई तुरुंगात घालून कोणाचं भलं होणार? मी बाँडची शिफारस केली. आणि अहवालाच्या शेवटी, आपण किती विचार करतो हे कोर्टाला दिसावं म्हणून, एक अट सुचवली. दोघी पुन्हा समोरासमोर आल्या तर भडका उडेल, सबब सुनंदानं एक वर्ष बाजारात बसू नये. न्यायाधीशांनी अट जशीच्या तशी घातली. "अहवाल विचारपूर्वक लिहिलाय," असंही म्हणाले. मी त्या दिवशी घरी जाताना खुशीत अर्धा किलो गोड खाजा घेऊन गेले.

पहिल्या महिन्यात सुनंदाच्या दारात गेले तेव्हा ती वरमलेली होती. दुसऱ्या महिन्यात बाजारात बसता येत नाही म्हणून सुकी मासळी घेऊन ती घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमधून दारोदार हिंडत होती. तिसऱ्या महिन्यात तिनं सांगितलं की तिच्या बाजारातल्या जागेवर दुसरी कोणी बसायला लागली आहे. मासळी बाजारात जागेला कागद नसतो, जी रोज बसते तिची जागा. चौथ्या महिन्यात मी चहाचा कप हातात घेते न घेते तोच ती म्हणाली, "तिणा माझा वाटोळा केल्यान, बाईनू. माझी जागा गेली."

"आणि तिचा हात?"

"हात म्हयन्यात बरो झालो आसतलो. जागा खंय बरी होता?"

मी परतताना एसटीत बसून विचार करत राहिले. ऑक्टोबरात "तिचो हात कसो आसा" विचारणारी बाई फेब्रुवारीत स्वतःच फिर्यादी झाली होती. तिच्या गोष्टीतून पाट गायब झाला होता. शिक्षा तर अगदी सौम्य दिली होती, आणि तरी ती भोगता भोगता तिची खात्री पटत चालली होती की अन्याय आपल्यावरच झालाय.

त्याच आठवड्यात शालन माझ्या ऑफिसात आली. मी तिला ओळखत नव्हते. दोन एसटी बदलून आली होती. बस म्हटलं तर बसेना.

"सुनंदान बाजारात बसूचा नाय, असा कोणी लिवल्यान?"

"मी लिहिलं."

"माका इचारलास?"

सुनंदाच्या घरी गेले होते, तिच्या शेजाऱ्यांना भेटले होते, सरपंचांशी बोलले होते. जिचा हात मोडला तिच्या दारात मी गेलेच नव्हते. मी ज्या नमुन्यात अहवाल लिहायची त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेर बघायचं मला सुचलं नाही. पूर्वी त्या लखलखीत घरातही मी हीच चूक केली होती.

शालननं पदर बाजूला करून हात पुढे केला. कोपर वाकडं जुळलं होतं. हात सरळ होत नव्हता आणि खांद्याच्या वर जात नव्हता.

"ह्यो बघा. ह्या हातान माका क्रेट उचलूक जमणा नाय. बाकीच्यांच्यो जोड्यो ठरलेल्यो. लुळ्या हाताच्या बायलेक जोडीक कोण घेतलो? दुसऱ्यांकडसून वाटे घेवन इकतंय, हातात काय ऱ्हवणा नाय. तिणा माझो हात मोडल्यान, तर तिचो हात माका व्हयो. तुमी तिका घराक बसवलास. तेच्यात माका काय मेळाला?"

"म्हणजे तुझा राग गेला?"

"राग खंय जाता?" ती म्हणाली. "राग आसा. पण क्रेट रागान उचलूक येता काय?"

कायद्यात एक सोय आहे, बाँडच्या अटी बदलून घ्यायला आम्ही कोर्टाकडे अर्ज करू शकतो. मी तो लिहायला घेतला तेव्हा माझे वरिष्ठ म्हणाले, "बाई, स्वतःच्याच अहवालाविरुद्ध अर्ज? तुमच्या नोकरीची थोडीच वर्षं राहिली. त्या दोघींनी पुन्हा काही केलं तर पहिलं बोट तुमच्याकडे जाईल." ते चुकीचं बोलत नव्हते. मला भीती वाटत होती. एकदा माझ्या अहवालामुळे एक बाई इस्पितळात गेली होती. पुन्हा तेच झालं तर मी स्वतःला काय सांगणार होते? तरी अर्ज केला, आणि चूक माझी आहे हे त्यात स्वच्छ लिहिलं. ते एक वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली.

कोर्टात न्यायाधीशांनी अर्ज दोनदा वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग शालनला पुढे बोलावलं.

"तिनं पुन्हा मारलं तर?"

"तर परत हय येतलंय, सायबानू. आणखी खंय जातलंय?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही हसले असावेत, कारण त्यांनी मान खाली घालून बराच वेळ कागद चाळले. अट काढली. सुनंदानं शालनला मदत करावी असं मी अर्जात सुचवलं होतं, ते मात्र त्यांनी आदेशात घेतलं नाही. म्हणाले, "बाई, हे कागदावर आलं की त्यातली चव जाईल. ते त्यांचं त्यांना बघू दे."

पहिल्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. नोकरीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घरी बसून राहणं शक्य नव्हतं. होड्या लागल्या होत्या, लिलावाचा गलका चालला होता. सुनंदा आली ती शालनपासून पाच-सहा पावलांवर येऊन थांबली. तोंड दुसरीकडे. शालननं बांगड्याच्या एका क्रेटवर बोली लावली आणि तो तिला लागला. ती खाली वाकली. डावा हात क्रेटच्या कडीत घातला. उजवा पुढे केला, तो कडीपर्यंत पोचेना.

सुनंदानं तेव्हा तो हात पहिल्यांदा पाहिला. मी तिच्याकडे बघत होते. चार महिने जिची सगळी गाऱ्हाणी मी तिच्या ओट्यावर ऐकली होती, त्या बाईनं हातातली पिशवी वाळूत टाकली. मग ती क्रेटपाशी गेली. पण त्यांचं जमेना. इतकी वर्षं शालन उजव्या हातानं उजवी कडी उचलायची, त्याप्रमाणे सुनंदा तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली होती. दोघी एकाच कडीवर.

"हयल्यान धर," शालन म्हणाली.

नऊ महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द. सुनंदा फिरून उजवीकडे आली. क्रेट उचलला, हेलकावला, चार बांगडे वाळूत पडले. शालननं शिवी घातली. सुनंदानं बांगडे वेचले, समुद्राच्या पाण्यात बुचकळून परत टाकले. मी तिथून निघाले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि सरकारी बाईनं भर लिलावात रडणं बरं दिसत नाही.

बाँडची मुदत संपेपर्यंत मी त्यांच्याकडे जात राहिले. भांडणं व्हायची. एकदा पापलेटच्या वाटणीवरून आठवडाभर अबोला होता. अबोल्यातही क्रेट दोघीच उचलत होत्या. हात मात्र पुन्हा उठला नाही. सुनंदाची जुनी जागा गेली ती गेलीच. शालननं आपल्या जागेत सरकून तिला घेतलं.

त्यानंतर माझ्या प्रत्येक अहवालात मी एक पान वाढवलं. ज्याला लागलं, ज्याचं गेलं, त्याच्या दारात आधी जायचं आणि मगच दुसऱ्याच्या. रकाना नसला तर कागद जोडायचा. काही वेळा त्या दारातून मला हाकलून दिलं गेलं. काही वेळा तिथल्या माणसानं सांगितलं, त्याला आतच ठेवा, आणि मी तसं लिहिलं. पण विचारल्याशिवाय लिहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला, सहकारी चार चांगले शब्द बोलले. मी मनातल्या मनात शालनचे आभार मानले. तिनं दोन एसटी बदलून यायचे कष्ट घेतले नसते, तर मी शेवटपर्यंत चुकीच्याच दारात चहा पीत बसले असते.

गेल्या महिन्यात मालवणला गेले होते. बाजारात दोघी होत्या, केस पिकलेल्या. पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर सुनंदानं मला बसायला क्रेट पालथा घातला. लोक मला विचारतात तो प्रश्न मी तिला विचारला. तुझा हात पुन्हा उठला नाही, तो कशाच्या भीतीनं? बाँडच्या? तुरुंगाच्या?

"बाँड खंय ठेवलंय ता आठवणा नाय," ती म्हणाली. "खरा सांगू? कधी कधी वाटता, तेवां माका जेलात धाडलास आसता तर बरा झाला आसता."

"का गं?"

"जेलातसून सुटूक मेळता, बाईनू." तिनं पलीकडे मान वळवली. तिथं शालन गुडघ्यानं सुरमई पाटावर दाबून धरत होती आणि डाव्या हातानं खवलं काढायचा प्रयत्न करत होती. "हेच्यातसून कशी सुटतलंय?"

एवढं बोलून ती उठली, शालनच्या हातातून सुरी काढून घेतली आणि खाली बसून सुरमई साफ करायला लागली.